मेझो की सोप्रानो : आवाज टोकावर नव्हे, वस्तीवर ओळखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑपेरात स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज म्हणजे सोप्रानो, आणि त्याच्या खालचा, मधला आवाज म्हणजे मेझो-सोप्रानो किंवा नुसते मेझो. चेचिलिया बार्तोली मेझो-सोप्रानो म्हणून ओळखल्या जातात, तरी त्यांनी ‘नॉर्मा’ ही सोप्रानोची मानली जाणारी भूमिका गायली. शर्ली व्हेरेट आणि ग्रेस बंब्री मेझो म्हणून नावारूपाला आल्या आणि पुढे सोप्रानोच्या भूमिका करू लागल्या. मग यांच्यातली ‘खरी’ मेझो कोण, ते कशावरून ठरवायचे, आणि ज्याला हा आवाज मनापासून आवडतो त्याने तो ऐकताना नेमका कशाकडे कान द्यायचा?

गेली बावीस वर्षे मी ऑपेरा-गायकांच्या भूमिका बसवून घेण्याचे काम करते. ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर वाजवत, गायिकेपासून हातभर अंतरावर बसून, एकेक ओळ तिच्या गळ्यात मुरेपर्यंत तिच्यासोबत राहायचे, असे हे काम आहे. इतक्या जवळून आवाजाचे सौंदर्य ऐकू येते तसा त्याचा थकवाही ऐकू येतो, आणि या वादात थकव्याची साक्ष मला फार मोलाची वाटते. माझे मत असे की आवाजाचा प्रकार त्याच्या टोकाच्या सुरावरून ठरत नाही, नुसत्या रंगावरूनही ठरत नाही. तो गळा संध्याकाळभर कोणत्या सुरांत वस्ती करून राहू शकतो, यावरून ठरतो.

हा वाद ऑपेरातच इतका का पेटतो, हे आधी सांगायला हवे. जिथे गायक आपल्या गळ्याला मानवेल ती पट्टी धरून गायला बसतो, तिथे अशा वर्गवारीची फारशी गरज पडत नाही. ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते, समोर पन्नास ते शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा असतो, ध्वनिवर्धक नसतो, आणि सभागृह झुरिकसारखे सुमारे अकराशे आसनांचे असू शकते किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनसारखे सुमारे अडतीसशे आसनांचे. भूमिका गळ्याकडे येत नाही, गळ्याला भूमिकेपर्यंत जावे लागते. म्हणून जर्मन भाषिक नाट्यगृहांनी ‘फाख’ नावाची पद्धत रूढ केली, ज्यात गायिकेला लिरिक (हलका, मृदू) मेझो, ड्रामॅटिक (वजनदार) मेझो, कोलोरातुरा (वेगवान तानांचा) मेझो अशा एखाद्या खणात नेमले जाते आणि त्या खणातल्या भूमिका तिच्याकडून अपेक्षित असतात. ही सोय नाट्यगृहाच्या कारभारासाठी आहे. तिला निसर्गनियम मानले की गोंधळ सुरू होतो.

पुस्तकांत दिलेल्या कक्षा ढोबळमानाने अशा असतात. सोप्रानोची कक्षा पियानोच्या मधल्या सी पासून दोन सप्तके वर, मेझोची मधल्या सी च्या खालच्या ए पासून दोन सप्तके वर, आणि कॉन्ट्राल्टोची, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत खालच्या आवाजाची, त्याहीखालच्या एफ पासून दोन सप्तके वर. या तीन कक्षा एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की त्यांच्या आधाराने कोणाही प्रत्यक्ष गायिकेचा निवाडा करणे अवघडच आहे. तालमीच्या खोलीत वरचा सी सहज लावणाऱ्या मेझो मी कितीतरी ऐकल्या आहेत. डोलोरा झायिक यांच्या वरच्या सुरांचा धाक मोठमोठ्या सोप्रानोंना वाटावा असा होता, आणि तरीही त्या आयुष्यभर ड्रामॅटिक मेझोच राहिल्या. डोंगराच्या माथ्यावर जाऊन येणे वेगळे आणि माथ्यावर घर बांधून राहणे वेगळे.

या ‘घर बांधण्या’लाच गायकांच्या भाषेत टेसितूरा म्हणतात, म्हणजे भूमिकेतल्या बहुतांश ओळी ज्या सुरांत फिरतात तो पट्टा. व्हेर्दीच्या ‘आयदा’मध्ये आयदा (सोप्रानो) आणि अम्नेरिस (मेझो) यांच्या टोकाच्या सुरांत फारसे अंतर नाही. पण आयदाला तिसऱ्या अंकात नदीकाठी एकटीने गायच्या गीतात वरच्या सी कडे हळुवारपणे, जवळजवळ श्वासावर तरंगत जायचे असते, आणि संपूर्ण भूमिकेत वरच्या भागात पुन्हा पुन्हा थांबायचे असते. अम्नेरिस वर जाते ती संतापाने किंवा वेदनेने उसळून, आणि लगेच आपल्या मधल्या सुरांत परतते. तिचा दरारा, तिचा मत्सर, तिचे मोडून पडणे हे सारे मधल्या सुरांत घडते. सूर तेच आहेत, त्यांत राहण्याची रीत निराळी आहे.

दुसरी कसोटी आहे ती आवाज जिथे वळण घेतो त्या जागेची. इटालियन गुरू तिला पास्साज्जो म्हणतात. स्त्रीच्या आवाजात अशा दोन जागा असतात, एक खाली, जिथे छातीतला भरदार आवाज सोडून मधल्या आवाजात शिरावे लागते, आणि एक वर, जिथे मधला आवाज सोडून मस्तकातल्या आवाजात जावे लागते. वरचे वळण सोप्रानोच्या गळ्यात साधारणतः एफ-शार्पच्या आसपास येते, तर मेझोच्या गळ्यात ई किंवा एफ च्या आसपास. अंतर जेमतेम एक-दोन अर्धस्वरांचे. पण एखादी भूमिका त्याच अर्धस्वरावर तासभर घुटमळत असेल, तर एका गायिकेला ती उताराची वाट वाटते आणि दुसरीला तीच चढण होते.

हे वळण ऐकायचे कसे, ते सांगते. मी नव्या गायिकेला सगळ्यात आधी आकारात, मध्यम जोराने, अगदी सावकाश वर चढायला लावते आणि स्वतः पियानो वाजवत नाही. एकेका सुरावर ती थांबते. काही काळ ‘आ’ तसाच राहतो, मग एका सुरावर तो आपोआप किंचित ‘ऑ’कडे झुकू लागतो, हनुवटी नकळत सैल होते किंवा उलट ताठरते, आणि पुढच्या सुरावर आवाज जणू दुसऱ्या खोलीत शिरतो. तीच ती जागा. हीच चढण मी ‘ई’ आणि ‘ए’ या उच्चारांवर करून घेते, पुन्हा चाळीस मिनिटांच्या सरावानंतर करून घेते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही करून घेते. तिन्ही वेळा वळण एकाच ठिकाणी आले, तरच मी त्याच्यावर विश्वास ठेवते. सुरुवातीच्या पाच मिनिटांत कोणाचाही आवाज फसवू शकतो.

काही वर्षांपूर्वी एक चोवीस वर्षांची गायिका माझ्याकडे मोझार्टच्या केरुबिनो व दोराबेल्ला आणि बिझेची कार्मेन अशा, आज मेझोच्या मानल्या जाणाऱ्या तीन भूमिका घेऊन आली. आधीच्या शिक्षकांनी तिला मेझो ठरवले होते आणि त्यामागचे कारण तिने निरागसपणे सांगितले : शाळेच्या वृंदगायनात तिला स्वरलेखन चांगले वाचता येत असल्यामुळे दुसऱ्या आवाजाच्या रांगेत उभे केले गेले, आणि तेव्हापासून ती त्याच रांगेत राहिली. हे मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की आता मला त्याचे आश्चर्य वाटत नाही, पण वाईट मात्र दरवेळी वाटते. तिचा आवाज गडद वाटत होता खरा. पण तो गडदपणा जीभ मागे ओढून, घसा दाबून आणलेला होता. ‘ई’ म्हणायला लावले की तो उडून जायचा आणि खालून एक स्वच्छ, काहीसा चांदीचा आवाज डोकवायचा. वळण एफ-शार्पवर येत होते. दोराबेल्लाचा अर्धा भाग गायला की तिचा मधला आवाज हवा गळणाऱ्या भात्यासारखा व्हायचा, आणि त्याच दिवशी गंमत म्हणून वाचलेले मोझार्टच्या ‘फिगारो’मधल्या काउंटेसचे, म्हणजे सोप्रानोचे, ‘पोर्जी अमोर’ हे गीत तिने न थकता तीन वेळा गायले. जवळजवळ आठ महिने आम्ही मोझार्टच्या सोप्रानो भूमिकांवर काम केले. आज ती काउंटेस गाते. पण ज्या दिवशी मी तिला ‘तुझा आवाज सोप्रानोचा आहे’ असे सांगितले, त्या दिवशी तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, ‘‘म्हणजे मला आता कार्मेन नाही का गाता येणार?’’ या प्रश्नाकडे मी पुढे परत येते, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे नाही.

आवाजाच्या रंगावरून निवाडा करणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की रंग ही साक्ष आहे, पण एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये. गडद रंगाच्या सोप्रानो असतात आणि उजळ रंगाच्या मेझोही असतात. तेरेसा बेरगान्झा यांचा आवाज मी कोणाला गडद म्हणून सांगणार नाही, पण त्यांच्या मेझोपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नैसर्गिक गडदपणाची एक सोपी खूण अशी की त्यात शब्द बुडत नाहीत. कॅथलीन फेरियर यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. १९५३ साली वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी त्या गेल्या. पण खऱ्या कॉन्ट्राल्टोचा खालचा सूर कसा मोकळा, उघडा आणि शब्दाशी प्रामाणिक असतो हे त्यांच्या आवाजात अजून ऐकता येते. ज्या आवाजात सगळी अक्षरे एकाच ‘ऑ’मध्ये विरघळतात, तो बहुतेक वेळा गडद नसतो, गिळलेला असतो.

आता इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण आजचे बरेचसे वाद हे जुन्या भूमिकांवर नवी लेबले चिकटवल्यामुळे झालेले आहेत. मोझार्टने केरुबिनो किंवा दोराबेल्ला लिहिताना आपल्यासारखा मेझोचा वेगळा खण मनात धरला नव्हता; या भूमिका सोप्रानोंच्याच मानल्या जात, आणि त्या मेझोंकडे सरकल्या त्या पुढच्या काळात. रोस्सिनीने उलट खालच्या स्त्री-आवाजाला नायिकेचे स्थान दिले. ‘सेव्हिलचा न्हावी’ १८१६ साली रोममध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा रोझीना गायली ती जेलत्रूदे रिगेत्ती-जोर्जी या कॉन्ट्राल्टोने. पुढे सोप्रानोंना ही भूमिका इतकी आवडली की रोझीनाचे प्रवेशगीत ई मेजरऐवजी अर्धा स्वर वर, एफ मेजरमध्ये गायले जाऊ लागले, त्यात वरचे अलंकार भरले गेले, आणि रोझीना म्हणजे किलबिलणारी मुलगी असा समज पसरला. विसाव्या शतकात कोंचिता सुपेर्व्हिया यांनी रोस्सिनीच्या भूमिका मूळ पट्टीत परत आणल्या, आणि १९७१च्या, क्लाउदिओ अब्बादो यांनी ऑर्केस्ट्रा संचालित केलेल्या ध्वनिमुद्रणात बेरगान्झा यांनी ती रोझीना इतकी नेमकी उभी केली की तिच्यात नखरा आहे, हुशारी आहे आणि प्रसंगी नखे बाहेर काढण्याची तयारीही आहे हे सगळ्यांना ऐकू आले. पट्टी अर्ध्या स्वराने उतरली आणि माणूस बदलला. याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

बार्तोली यांच्या ‘नॉर्मा’चा वादही इथूनच सुटतो. बेल्लिनीचा ऑपेरा ‘नॉर्मा’ १८३१च्या डिसेंबरमध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा झाली. नॉर्मा होत्या ज्युदित्ता पास्ता आणि अदाल्जीसा होत्या ज्युलिया ग्रीसी. ग्रीसी यांचा आवाज सोप्रानोचा. चार वर्षांनी ‘पुरितानी’मधली एल्व्हिरा पहिल्यांदा गायली तीही त्यांनीच. पास्ता यांनी रोस्सिनीचा तांक्रेदी म्हणजे कॉन्ट्राल्टोची पुरुषवेषातली भूमिका गाजवली होती, आणि १८३१ याच वर्षी बेल्लिनीची कोवळी आमीनाही त्यांनीच पहिल्यांदा गायली होती. आजच्या खणांत या तीन भूमिका तीन वेगळ्या स्त्रियांकडे जातील. पुढे अदाल्जीसा मेझोकडे आणि नॉर्मा मोठ्या सोप्रानोकडे अशी वाटणी रूढ झाली, आणि त्यामुळे वयाने व अनुभवाने मोठी असलेली पुजारीण आवाजाने उजळ आणि तिच्या हाताखालची तरुण मुलगी आवाजाने गडद असे उलटे चित्र तयार झाले. मेझोच्या चाहत्यांना अदाल्जीसा प्रिय आहे, मलाही आहे. १९७० साली जोन सदरलंड यांच्याबरोबर मेट्रोपॉलिटनमध्ये मॅरिलिन हॉर्न गायल्या तेव्हा ही रूढ वाटणीही किती विलोभनीय होऊ शकते ते दिसले. पण बार्तोली यांनी २०१३च्या सुमारास जुन्या धर्तीच्या वाद्यांबरोबर, तुलनेने लहान सभागृहात नॉर्मा गायली आणि ध्वनिमुद्रणात अदाल्जीसा म्हणून सुमी जो यांचा हलका सोप्रानो घेतला, तेव्हा त्यांनी ती वाटणी मूळ जागी नेली, असे मी मानते. त्यांना तुम्ही सोप्रानो म्हणावे का? मी मेझोच म्हणेन. त्यांच्या आवाजाचा गर मधल्या सुरांतच आहे, त्यांच्या वेगवान तानांतला एकेक दाणा तिथे सुटा ऐकू येतो, आणि सुझान्ना, देस्पीना, फिओर्दिलीजी अशा सोप्रानो भूमिका करूनही त्या रोस्सिनीकडे परतत राहिल्या. मात्र तीच नॉर्मा अडतीसशे आसनांच्या सभागृहात, आजच्या पोलादी ऑर्केस्ट्रासमोर गायची म्हटली असती, तर माझे उत्तर वेगळे असते.

सुरांची उंचीही काळागणिक बदलली आहे, हे या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही. फ्रान्सने १८५९ साली ए हा सूर सेकंदाला ४३५ कंपनांवर निश्चित केला. आज तो ४४० आणि अनेक ठिकाणी त्याहूनही किंचित वर असतो. हेंडेलच्या काळातल्या संगीतासाठी जुन्या वाद्यांचे संच आज ४१५ कंपनांचा ए धरतात, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. वळणाची जागा अर्ध्या स्वराने चुकली तर काय होते ते वर सांगितलेच आहे. हेंडेलच्या नाटकांत आज काही सोप्रानोंना जे अवघड जाते आणि काही मेझोंना सहज मानवते, त्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

व्हेरेट आणि बंब्री यांच्याविषयी बोलताना मला आधी कोर्नेली फाल्कों यांचे नाव घ्यावेसे वाटते. १८१४ साली जन्मलेल्या या फ्रेंच गायिकेने १८३६ साली मायरबेअरच्या ‘ले युगनो’मधली वालांतीन पहिल्यांदा गायली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पॅरिसच्या रंगमंचावर प्रयोग चालू असतानाच त्यांचा आवाज गेला. परत येण्याचे प्रयत्न झाले, पण कारकीर्द संपली. त्यांच्या नावाने आजही एक आवाज ओळखला जातो : ‘फाल्कों’, म्हणजे मेझोचा भरीव मध्य आणि सोप्रानोचे वरचे टोक असलेला, दोन घरांच्या मधल्या भिंतीवर उभा असलेला आवाज. अशा गळ्यांना तुम्ही कोणत्याही खणात घाला, त्यांचा एक हात बाहेर राहणारच.

शर्ली व्हेरेट या माझ्या मते अशा आवाजाच्या होत्या. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी मेट्रोपॉलिटनमध्ये बेर्लिओझचे ‘ले त्रोयां’ पहिल्यांदाच सादर होत असताना ख्रिस्टा लुडविग आजारी पडल्या, आणि कासांद्र गाणाऱ्या व्हेरेट यांनी त्याच रात्री दिदोंही गायली. एकाच प्रयोगात दोन राण्यांसारख्या दोन भूमिका! १९७५ साली ला स्कालात त्यांनी अब्बादो यांच्याबरोबर लेडी मॅकबेथ केली, आणि ही भूमिका स्वतःच कुठल्या एका खणात बसत नाही : मधल्या सुरांत विष ओतायचे, छातीच्या आवाजात हुकूम सोडायचे, आणि झोपेत चालण्याच्या प्रसंगाच्या शेवटी डी-फ्लॅटवर आवाजाचा नुसता धागा सोडून निघून जायचे. लुडविग आणि फिओरेंत्सा कोस्सोत्तो या मेझोंनीही ती गायली आहे. तिथे ‘ही सोप्रानोची की मेझोची’ असे विचारण्यापेक्षा ‘हिला तो धागा सोडता येतो का, आणि त्याआधीची आग लावता येते का’ असे विचारले तर काहीतरी हाती लागते.

ग्रेस बंब्री यांच्याबाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते अनेकांना पटत नाही. १९६१ साली बायरॉयटच्या वॅग्नर-महोत्सवात त्यांनी व्हीनस गायली, पुढे सालोमे आणि तोस्का या सोप्रानोच्या भूमिका केल्या, आणि त्यांची हिंमत व बुद्धी यांच्यासमोर मी नतमस्तक आहे. तरीही एबोली आणि अम्नेरिस या व्हेर्दीच्या त्यांच्या मेझो भूमिकांत मधल्या सुरांची जी मखमली झळाळी आहे, ती तोस्कात मला थोडी ताणलेली वाटते. टोके सगळी होती, पण वस्ती बदलल्याची किंमत कानाला जाणवते. वाल्ट्राउड मायर यांनी वॅग्नरच्या कुंड्रीने नाव कमावून १९९३ साली बायरॉयटमध्ये त्याचीच इझोल्ड ही सोप्रानोची भूमिका गायली, तेव्हा हीच किंमत त्यांनीही मोजली, पण शब्दांवरच्या विलक्षण पकडीने ती वसूल करून दिली. ख्रिस्टा लुडविग यांचा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ‘फिदेलिओ’मधली लिओनोरे ही सोप्रानोची भूमिका त्यांनी गायली, रिचर्ड स्ट्राउसच्या ‘रोझेनकावालिअर’मध्ये तरुणपणी ओक्टाविअन (मेझोची) आणि पुढे मार्शलिन (सोप्रानोची) दोन्ही गायल्या, पण संपूर्ण इझोल्ड घेऊन त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या नाहीत.

आता ऐकण्याविषयी. मेझोवर प्रेम करणाऱ्याने वरच्या सुरांची वाट पाहत बसू नये. मधल्या सुरांत काय चालले आहे ते ऐकावे. व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधली एबोली घ्या, जी १८६७ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकली गेली. बुरख्याच्या गीतात तिला चपळ, नाचरा, अलंकारांनी भरलेला गळा लागतो, आणि दोन अंकांनंतर स्वतःच्या सौंदर्याला शाप देणाऱ्या गीतात ऑर्केस्ट्राच्या गर्जनेवरून सी-फ्लॅटपर्यंत झेप घ्यावी लागते. बहुतेक श्रोते ती झेप लक्षात ठेवतात. मी मात्र त्या दोन उद्रेकांच्या मधल्या संथ भागाकडे कान लावते, जिथे ती आपल्या राणीची क्षमा मागते. तिथे ओळी लांब असतात, दमसासाची परीक्षा असते आणि लपायला जागा नसते. नुकताच ओरडून आलेला गळा तिथे शांत होऊ शकतो का, सूर न हलवता वाक्य शेवटापर्यंत नेऊ शकतो का, यावर मी त्या गायिकेची एबोली मोजते.

रोझीनाच्या प्रवेशगीतात एक छोटा इटालियन शब्द आहे, ‘मा’, म्हणजे ‘पण’. मी गुणी आहे, आज्ञाधारक आहे, असे गोड स्वरात सांगून झाल्यावर ती म्हणते, पण मला कोणी डिवचले तर! त्या एका अक्षरावर गायिका किती थांबते, त्यात हसू आहे की धमकी, आणि नंतर खालच्या सुरांवर उतरताना ती आवाज दाबून जाड करते की सहज उतरते, हे तीन-चार ध्वनिमुद्रणे ओळीने ऐकून पाहावे. त्या एका ‘पण’मध्ये दोन गायिकांमधला फरक जेवढा कळतो तेवढा त्यांच्या सगळ्या तानांत मिळून कळत नाही.

आणि कार्मेन. १८७५ साली सेलेस्तीन गाली-मारिये यांनी ती पहिल्यांदा गायली, आणि तेव्हापासून मेझोंनी व सोप्रानोंनी ती आळीपाळीने आपली केली. व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस, लेओंतीन प्राइस या सोप्रानोंनी तिचे ध्वनिमुद्रण केले; मारिया कालास यांनीही १९६४ साली केले, पण रंगमंचावर ती कधी गायली नाही. प्रसिद्ध हाबानेरा कोणत्याही आवाजाला मानवते. खरी परीक्षा तिसऱ्या अंकातल्या पत्त्यांच्या प्रसंगात आहे, जिथे ती पत्ते उलटते आणि पुन्हा पुन्हा मृत्यूच निघतो. ओळ खालच्या भागात जवळजवळ एका जागी फिरते, ऑर्केस्ट्रा पावलासारखा मागे चालतो, आणि गायिकेला अभिनयाचा कोणताही आधार न घेता निव्वळ आवाजाच्या वजनावर ते सहन करायचे असते. सोप्रानोला इथे छातीचा आवाज ओढून वर आणावासा वाटतो; ज्या तो मोह टाळतात, त्यांची कार्मेन टिकते. म्हणून त्या मुलीला मी सांगितले की दहा वर्षे थांब, मधला आवाज पिकू दे, मग हा पत्त्यांचा प्रसंग आधी गाऊन दाखव. तो दमून न जाता गाता आला तर कार्मेन तुझी आहे, मग तुला कोणी काहीही म्हणो.

ध्वनिमुद्रणांवरून वाद घालताना एक सावधगिरी हवी. मायक्रोफोन लहान आवाज मोठा करतो, मोठ्या आवाजाची झळाळी कापतो, आणि सभागृहात मागच्या रांगेपर्यंत काय पोहोचते ते सांगत नाही. एखादी गायिका ड्रामॅटिक मेझो आहे की लिरिक, हे ध्वनिमुद्रणावरून ठामपणे सांगणाऱ्यांपैकी अनेकांना मी नंतर प्रत्यक्ष प्रयोगात चकित झालेले पाहिले आहे. शक्य असेल तेव्हा सभागृहात, आणि शक्यतो मागच्या बाजूला बसून ऐकावे. वयाचाही विचार करावा. मेझोचा आवाज पिकायला वेळ लागतो, पंचविशीतल्या गायिकेच्या नावापुढे लावलेले लेबल पेन्सिलीने लिहिलेले समजावे. मार्टा म्योडल मेझो म्हणून सुरू झाल्या, मोठ्या ड्रामॅटिक सोप्रानो झाल्या आणि पुन्हा मेझोच्या भूमिकांकडे परतल्या. व्हायोलेता उर्माना यांचाही प्रवास असाच झाला. या तीन टप्प्यांपैकी कोणता ‘खोटा’ होता, असे विचारण्यात मला अर्थ दिसत नाही.

शेवटी एक अभ्यास सुचवते, जो मी स्वतः कानाच्या मशागतीसाठी वर्षातून एकदा तरी करते. ‘रोझेनकावालिअर’च्या अखेरीस मार्शलिन, ओक्टाविअन आणि सोफी या तिघींचे आवाज एकमेकींत गुंततात. पहिल्यांदा ऐकताना कान आपोआप सर्वांत वरच्या आवाजाला धरून चालतो. दुसऱ्यांदा लावावे आणि ओक्टाविअनची ओळ शोधावी; ती कधी दोघींच्या खाली असते, कधी त्यांच्यामध्ये शिरते, काही क्षण दिसेनाशीच होते. मग तिसऱ्यांदा तीच ओळ धरून ठेवून बाकीच्या दोघींना तिच्याभोवती वाहू द्यावे. तो आवाज वरच्या बाजूला गेला तरी मूळ सोडत नाही, हे त्या तिसऱ्या वेळी ऐकू येते, आणि मला वाटते, मेझो म्हणजे काय हे तुम्हाला माझ्या या सगळ्या उत्तरापेक्षा तिथे अधिक लवकर कळेल.